भोवऱ्यापुरतं पाणी

धुरपतानं पदराला टोचून ठेवलेली टाचणी काढली आणि सतरावी ओळ धरली. वांग्याच्या एकेका ओळीत शंभरावर झाडं होती, आणि झाडागणिक काळ्या नळीला एक बटणाएवढा ड्रीपर. त्याचं टोपण नखानं फिरवून काढायचं, आत घट्ट बसलेली रेती टाचणीनं उकरायची, फुंकर घालायची, टोपण परत बसवायचं आणि थेंब पडेपर्यंत वाट पाहायची. थेंब पडला की उकिडव्यानंच पुढच्या झाडाशी सरकायचं. सकाळपासून तिनं चार ओळी उरकल्या होत्या. मागं वळून पाहिलं तर तेराव्या ओळीतली झाडं पुन्हा माना टाकून उभी होती.

फेब्रुवारी संपत आला होता. धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये नुसते खुंट उरले होते आणि दहा वाजताच उन्हाची तपन पाठीत शिरायला लागली होती. फुंकर घालून घालून धुरपताच्या तोंडात रेती गेली होती. थुंकली तरी दातांखाली करकरत होती. उजव्या अंगठ्याचं नख मुळाशी काळं पडलं होतं. तिची पन्नाशी आली होती. उकिडवं बसणं तिला कधी जड गेलं नव्हतं, पण यंदा उठताना जमिनीला हात टेकावा लागत होता.

करडीच्या शिवारातलं हे दोन एकराचं वावर तिच्या सासऱ्याचं. बोअरही त्यानंच पाडलेला. हिस्से झाले तेव्हा वावर मधोमध कापलं गेलं. एक एकर धनीरामला, म्हणजे धुरपताच्या नवऱ्याला, आणि एक एकर त्याच्या धाकट्या भावाला, इश्वरला. बोअर नेमका मधल्या धुऱ्यावर, बांधावर आला. पाण्याचं असं ठरलं की एक दिवस मोठ्यानं चार तास मोटर चालवायची, दुसऱ्या दिवशी धाकट्यानं. चार वर्षं ते बिनबोभाट चाललं, कारण ज्याचा दिवस त्यानंच बोअरवर यायचं. दुसऱ्याचं तोंड पाहायची गरजच पडत नव्हती.

तोंड न पाहण्याचं कारण म्हातारी. धुरपताची सासू लकवा मारून अकरा महिने खाटेवर होती. त्या अकरा महिन्यांत तिचं हागणंमुतणं, कूस बदलणं, पाठीच्या जखमा पुसणं सगळं धुरपतानं केलं. घास गिळता येत नव्हता, म्हणून तांदळाची पातळ पेज चमच्या-चमच्यानं पाजली. धाकटी जाऊ रीता दोन गल्ल्या सोडून राहायची, पण तिचं पाऊल त्या खोलीत पडलं नाही. म्हातारी गेली. तेरवीच्या दिवशी पंगत बसलेली असताना, धुरपताच्या हातात पत्रावळींचा गठ्ठा असताना, रीता बायांमध्ये म्हणाली की म्हातारीला पेजेवर ठेवून उपाशी मारलं. धुरपतानं ते ऐकलं. तिनं पत्रावळी मांडल्या, भात वाढला, सगळ्यांची पंगत उठवली, आणि त्या दिवसापासून रीताशी एक शब्द बोलली नाही. धनीरामनंही मग भावाशी बोलणं टाकलं.

मागच्या उन्हाळ्यापासून बोअर रेती ओकायला लागला. पाणी खाली गेलं होतं आणि आतला पाइप कुठंतरी फाटला असावा, असं मोटर काढणारे म्हणाले. मोटर दोनदा वर काढावी लागली. दोन्ही वेळा आतले पंखे झिजून पातळ झालेले निघाले. जाळीचा फिल्टर अर्ध्या तासात तुंबायचा, आणि जाळीतूनही जी बारीक रेती निसटायची ती ड्रीपरमध्ये जाऊन बसायची. ठिबक सोडून सरीनं पाणी द्यावं, तर तेवढं पाणी बोअरमध्ये नव्हतं.

धुऱ्याच्या पलीकडं कारल्याचे वेल होते. दिवसाआड तिथंही एक बाई उकिडवी बसून नळी चाचपत सरकताना दिसायची. इश्वर जवाहरनगरला ठेकेदाराकडं मजुरीला जायचा, सकाळी सहालाच गाडी काढायचा, त्यामुळं वावर रीताच पाहायची. धुरपता तिकडं पाहत नसे. पण रीता कंबरेवर हात ठेवून उठते, थोडी वाकडीच उभी राहते आणि मग सरळ होते, हे तिला न पाहताही माहीत झालं होतं.

धनीरामनं शेवटी निकेशला बोलावलं. निकेश करडीतल्याच ठिबकच्या दुकानातला फिटर, तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. त्यानं मोटर सुरू करून बादलीभर पाणी घेतलं, बादलीत हात घालून ते जोरानं गरगर फिरवलं आणि हात काढला. रेती तळाशी बसली, वरचं पाणी निवळलं. मग त्यानं धनीरामला समजावलं की जाळी लावून ही रेती थांबणार नाही, याला हायड्रोसायक्लोन लागतो. लोखंडी असतो, वर रुंद, खाली निमुळता. पाणी वरून एका बाजूनं आत घुसतं आणि गरगर फिरायला लागतं. फिरताना जड रेती कडेला फेकली जाते, कडेकडेनं खाली घसरते आणि तळाच्या डब्यात जमते. स्वच्छ पाणी मधून वर निघून नळीला लागतं. डबा भरला की खालची चावी उघडायची, रेती बाहेर.

लाखनीकडच्या एका शेतकऱ्यानं ठिबक मोडलं होतं, त्याचा जुना हायड्रोसायक्लोन निकेशच्या दुकानात पडून होता. दोन पोती चिन्नोर धान देऊन धनीरामनं तो आणला. वरचा निळा रंग उडाला होता, पण ठोकल्यावर आवाज चांगला यायचा. बैलगाडीतून उतरवताना धनीराम त्याला भोवरा म्हणाला आणि मग सगळे भोवराच म्हणायला लागले. निकेशनं तो त्यांच्या वांग्याच्या लाईनवर बसवला.

दुसऱ्या दिवशी मोटर चालू केली. अर्ध्या तासानं धुरपतानं खालची चावी उघडली तर मूठभर रेती पडली. ती टाचणी बाजूला ठेवून ओळीत गेली, पहिलाच ड्रीपर उघडला. आत रेती होती. दुसरा उघडला, त्यातही. संध्याकाळपर्यंत तिनं पुन्हा तीन ओळी उकरल्या. धनीराम दिवसभर भंडाऱ्याला वांगी विकायला गेला होता. तो आल्यावर तिनं नुसता हात पुढं करून तळहातावरची रेती दाखवली.

निकेश परत आला. दाबाचा काटा पाहिला, भोवऱ्याला कान लावला आणि मान हलवली.

"पाणी आत फिरूनच नाई राहिलं, काका," तो म्हणाला. "नुसतं चालून राहिलं. हा दोन एकराच्या पाण्याचा हाये. तुमची एक एकराची लाईन एवढं पाणी ओढत नाई. जोर नसला तर रेती कडेले जाईल कशी?"

धनीरामनं विचारलं की लहान मिळत नाही का. मिळतो, पण नवाच घ्यावा लागेल, निकेश म्हणाला. जुना परत घ्यायला कोणी नव्हतं आणि घरात उरलेलं धान वर्षभर खायचं होतं. मग निकेशनं दुसरा उपाय केला. आणखी एक चावी बसवून जास्तीचं पाणी नालीत सोडलं. भोवरा लगेच घुमायला लागला. आतून रेती घासल्याचा खरखर आवाज आला आणि खालची चावी उघडताच टोपलीभर रेती धप्पकन पडली. पण बोअरचा दम दोन तासांत संपला. निम्मी वांगी कोरडी राहिली आणि निम्मं पाणी नालीतून बोडीच्या तळ्याकडं वाहून गेलं.

निकेशनं हत्यारं पिशवीत भरली. जाताना तो जमिनीकडं पाहत म्हणाला की दोन्ही एकरांचं पाणी एकाच वेळी सोडलं तर भोवरा बरोबर चालेल. दिवसाआड चार तासांऐवजी रोज दोन तास, दोघांचंही. पाणी तेवढंच लागेल. भोवरा फक्त दोन्ही लाईनींच्या अलीकडं, बोअरच्या तोंडाशी बसवावा लागेल.

त्या रात्री जेवताना धनीरामनं घास ताटातच ठेवला. मग म्हणाला, "मी इश्वरशी कवाच बोललो असतो. तुले वाईट वाटन म्हणून नाई बोललो. आता तू सांगशील तसं."

धुरपताला त्याचा राग आला. त्यानं स्वतः ठरवलं असतं तर तिला निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. तिनं ताटं उचलली आणि खरकटं पाणी परसात टाकलं.

चार दिवस तसेच गेले. शेवटच्या सहा ओळी पिवळ्या पडल्या. अंगठ्यात पू झाला, म्हणून ती डाव्या हातानं टाचणी धरायला लागली आणि काम निम्म्यावर आलं. पाचव्या दिवशी पाण्याची पाळी इश्वरची होती. तरीही धुरपता वावरात गेली, धुऱ्यापाशी उभी राहिली. रीता कारल्याच्या मांडवाखाली पाठमोरी बसली होती. पायरव ऐकूनही तिनं मान वळवली नाही.

"मोटर सोबत चालवावी लागते म्हणते निकेश," धुरपता म्हणाली. "दोन्हीकडचं पाणी सोडलं तरच भोवरा फिरते."

रीताचा हात थांबला. तिनंही टाचणी पदरालाच टोचलेली होती.

"त्याईले विचारीन," ती म्हणाली. चार वर्षांनंतरचं बोलणं एवढ्यावर संपलं आणि धुरपता घामेजलेली घरी आली.

इश्वरनं हो म्हटलं. रविवारी निकेशनं भोवरा उचलून बोअरच्या तोंडाशी बसवला. दोन्ही भाऊ पाइप धरायला होते. आपसात बोलायचं टाळून दोघंही निकेशशीच बोलत होते. दुसऱ्या दिवसापासून इश्वर कामावर आणि धनीराम बाजारात, त्यामुळं बोअरवर उरल्या दोघी जावा. आठला विजेची लाईन यायची. धुरपता स्टार्टरचं हिरवं बटण दाबायची, मग एक वांग्याकडं आणि एक कारल्याकडं फिरून नळ्या पाहायची. दर अर्ध्या तासानं एकीनं खालची चावी उघडून रेती काढायची, एकदा हिनं, एकदा तिनं. दहाला मोटर बंद. बोलणं नाही. फार तर "झालं" किंवा "बंद कर" एवढंच.

पण भोवरा फिरत होता. आठवड्याभरात ड्रीपर उकरायचं काम दिवसाला दोन ओळींवर आलं. मधल्या ओळींतल्या वांग्यांना नवी पानं फुटली. पिवळ्या पडलेल्या सहा ओळी मात्र गेल्याच, त्या धनीरामनं उपटून धुऱ्यावर टाकल्या. अंगठ्याचा पू धुरपतानं सुईनं फोडला, वर हळद बांधली.

त्याच आठवड्यात कुंताबाईनं तिला हापशीवर गाठलं. कुंताबाई शेजारच्या गल्लीतली, कुणाचं कुणाला सांगितल्याशिवाय तिचा पाण्याचा गुंड भरत नसे. तिनं हापशी मारता मारता सांगितलं की रीता बायांना म्हणत होती, आल्या शेवटी आमच्याच धुऱ्यावर. हापशीवर चार-पाच बाया होत्या. त्यातली एक पदराआड हसली. धुरपतानं गुंड डोक्यावर घेतला. ती भराभर घराकडं निघाली. गुंडातलं पाणी हिंदकळून तिची अर्धी पाठ भिजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठरवलं होतं की बोलायचं. काय बोलायचं तेही रात्रभर जुळवलं होतं. पण बोअरवर पोचली तेव्हा रीता आधीच येऊन बसली होती, डोळे मिटून, भोवऱ्याला पाठ टेकून. तिचं तोंड सुजल्यासारखं दिसत होतं. पहाटे चारला उठून ती इश्वरचा डबा करायची. धुरपतानं बटण दाबलं. जुळवलेलं बोलणं तोंडात तसंच राहिलं आणि ती वांग्याकडं निघून गेली.

साडेआठला रेती काढायची पाळी रीताची होती. ती वाकून खालची चावी फिरवत होती. धुरपता वीस पावलांवर होती. तिला आधी नुसता एक शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. मग रीताचं ओरडणं. भोवऱ्याचं निमुळतं टोक आतून रेतीनं घासून घासून कागदासारखं पातळ झालं होतं आणि तिथंच भोक पडलं होतं. त्यातून पाण्याची बारीक धार सुटली, रेतीसकट, आणि ती सरळ रीताच्या डाव्या डोळ्यात गेली.

धुरपता धावली. आधी स्टार्टरकडं, लाल बटण दाबलं. मग रीताकडं. रीता चिखलात गुडघ्यावर पडली होती आणि दोन्ही हातांनी डोळा चोळत होती.

"रगडू नको," धुरपता म्हणाली आणि तिचे दोन्ही हात धरून खाली ओढले. रीता हात सोडवायला लागली तेव्हा धुरपतानं तिला उताणं पाडून मनगटांवर गुडघा ठेवला. घरून आणलेल्या पाण्याची बाटली जवळच होती. एका हातानं पापणी वर धरून तिनं पाणी ओतलं. पापणीच्या कोपऱ्यात रेतीचे कण चिकटले होते. पदराचं ओलं टोक पिळून तिनं एकेक कण काढला. म्हातारीचे चिकटलेले डोळे तिनं असेच रोज सकाळी पुसले होते. हाताला सवय होती.

आणि ते पुसता पुसताच, आपण बोलणार आहोत हे तिलाही ठाऊक नसताना, ती बोलली.

"म्हातारीच्या गळ्याखाली पेजेबिगर काई उतरत नोतं. तुले माईत होतं."

रीता उघडा राहिलेला उजवा डोळा वर आभाळाकडं लावून पडली होती.

"माईत होतं," ती म्हणाली.

"मंग काहून म्हणलं तसं?"

रीताच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. ती म्हणाली, "अकरा महिन्यात एक दिवस नाई आली मी. मले त्या वासाची भेव वाटे. तेरवीले बाया मलेच बोलतीन असं वाटलं. त्याईच्या आंधी मीच बोलून टाकलं."

चार वर्षांत धुरपतानं या बाईला द्यायची किती उत्तरं तयार केली होती. भाकर थापताना, वांगी तोडताना, झोप न येता पडलेली असताना. त्यातलं एकही इथं लागू पडत नव्हतं. तिला रागही आला नाही, बरंही वाटलं नाही. बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. तिनं ते रीताच्या डोळ्यात ओतलं.

"वर पाहा," ती म्हणाली. "आणखीन एक कण हाये."

रस्त्यावरून जाणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोवाल्याला थांबवून तिनं रीताला भंडाऱ्याच्या दवाखान्यात पाठवलं. इश्वरला फोन केला, तो परस्पर तिकडं पोचला. डोळा वाचला होता, पण आत ओरखडे होते. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि आठ दिवस धुळीत, उन्हात जायचं नाही म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी इश्वर धनीरामच्या अंगणात आला. चार वर्षांत पहिल्यांदा. धनीरामनं खाट पुढं केली तरी तो बसला नाही. खाडे झाले तर ठेकेदार काढून टाकतो, एवढं त्यानं सांगितलं. मग कारल्याचं काय ते सांगायला लागला आणि मधेच थांबला. चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला.

"मी पाहीन," धुरपता चुलीपुढून म्हणाली. "तुमी जा कामावर."

धनीरामनं वळून तिच्याकडं पाहिलं. इश्वरनं हात जोडल्यासारखं केलं आणि गेला. धुरपताला कोणावर उपकार करायचे नव्हते. कारल्याकडची चावी बंद ठेवली तर भोवरा फिरणार नव्हता, आणि ती उघडली तर तिकडच्या नळ्या पाहायला कोणीतरी हवंच होतं. हे गणित तिनं दुपारीच डोक्यात करून ठेवलं होतं.

निकेशनं भोवऱ्याच्या भोकावर बाहेरून जाड पत्रा जोडून दिला. एक हंगाम निघेल म्हणाला. मग धुरपताचे आठ दिवस सुरू झाले. आठला बटण दाबायचं, वांग्याच्या ओळी पाहायच्या, धुरा ओलांडून कारल्यात जायचं, अर्ध्या तासानं पळत येऊन रेती काढायची, पुन्हा धुरा ओलांडायचा. दहाला मोटर बंद झाली की दोन्हीकडचे तुंबलेले ड्रीपर उकरायचे. मग कारल्याचे वेल दोरीवर चढवायचे, कारण वेल थांबत नाहीत. मग आपली वांगी तोडून धनीरामच्या उद्याच्या बाजाराचे कट्टे, म्हणजे पोती, भरायची.

पहिल्या दिवशी तिला रीताच्या वावरात परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. मग एकेक गोष्ट दिसत गेली. जे ड्रीपर सारखे तुंबतात त्यांच्याजवळ रीतानं जुन्या साडीची चिंधी बांधून ठेवली होती, म्हणजे आधी तेच पाहायचे. पन्नासावर चिंध्या असतील. मांडवाच्या मधल्या वाटेत एक सपाट दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. गुडघे दुखतात म्हणून ती त्यावर बसत असणार आणि तोच दगड ओढत ओढत पुढं नेत असणार, कारण ओढल्याची रेघ ओळीभर होती. तिसऱ्या दिवशी धुरपताही त्या दगडावर बसली. बरं वाटलं. ती बराच वेळ उठली नाही.

चौथ्या दिवशी तिला बोअरपाशी बसल्या बसल्या झोप लागली. जागी झाली तेव्हा तास उलटून गेला होता. खालचा डबा भरून रेती वर आली होती आणि पुढच्या नळ्यांत शिरली होती. दोन ओळी वांग्याच्या, तीन कारल्याच्या. तिनं आधी कारल्याच्या साफ केल्या. स्वतःची चूक दुसऱ्याच्या वावरात राहायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते.

कुंताबाई एकदा धुऱ्यावरून जात होती. ती थांबली आणि म्हणाली की आता तिच्याही वावरात राबायला लागलीस का. धुरपता नळीवरून मान वर न करता म्हणाली, "भोवऱ्याले दोन्हीकडचं पाणी लागते." कुंताबाई आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून उभी राहिली, मग गेली.

काम करताना धुरपताला रीताचं बोलणं आठवायचं. मले त्या वासाची भेव वाटे. धुरपतालाही भीती वाटायची. पहिल्या महिन्यात ती म्हातारीच्या खोलीतून बाहेर येऊन परसात ओकायची आणि तोंड धुऊन परत आत जायची. हे तिनं धनीरामलाही कधी सांगितलं नव्हतं. रीता ती भीती घेऊन बाहेरच थांबली. तिनं तसं करायला नको होतं, आणि म्हटलं ते तर म्हणायलाच नको होतं. पण भीती खोटी नव्हती. एवढ्यापर्यंत विचार यायचा. माफी देण्यापर्यंत तो जात नसे, कारण तोवर अर्धा तास होऊन रेती काढायची वेळ झालेली असायची.

नवव्या दिवशी ती बोअरवर आली तेव्हा धुऱ्यावर रीता उभी होती. पट्टी निघाली होती. काळा चष्मा होता, इश्वरचा असावा, नाकावरून घसरत होता. ती कारल्याकडं पाहत होती. वेल दोरीच्या वरच्या टोकाला पोचले होते आणि खाली पहिली बोटभर कारली लोंबत होती.

लाईन आली. धुरपतानं बटण दाबलं. भोवरा आधी गुरगुरला, मग त्याचा आवाज लागला. दोघी थोडा वेळ तो ऐकत उभ्या राहिल्या. मग धुरपतानं काय काय झालं ते सांगितलं. तिसऱ्या ओळीच्या टोकाला नळी गळते, तिथं रबर बांधलं आहे. मांडवाचा एक बांबू कलला आहे. पत्र्याच्या जोडाकडं लक्ष ठेवायचं, पाझर दिसला तर लगेच बंद करायचं. एका दिवशी आपल्याला झोप लागली आणि तीन ओळी तुंबल्या, तेही तिनं सांगून टाकलं.

रीता ऐकत होती. तिनं चष्मा वर केला. डावा डोळा अजून लाल होता.

"तुमी घरी जा, बाई," ती म्हणाली. "आज दोन्हीकडचं मी पाहीन."

धुरपता तिथंच थांबली. नको म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यानंही दम लागला. "डोळ्यात धूळ जाईन," ती म्हणाली.

"बांधून घेईन पदर."

धुरपता निघाली. थोडं पुढं गेल्यावर तिनं वळून पाहिलं. रीतानं पदर डोक्यावरून तोंडाभोवती घट्ट गुंडाळला होता आणि ती वांग्याच्या ओळीत वाकली होती, पहिल्या ओळीत, जिथून सुरुवात करायची तिथूनच.

वाटेत धुरपता एकदा बोडीच्या पाळीवर बसली. उठायला वेळ लागला. घरी पडवीत धनीराम वांग्यांचा कट्टा शिवत होता, बाजाराला निघायच्या तयारीत. एवढ्या लवकर तिला आलेली पाहून तो घाबरला. त्यानं विचारलं की लाईन गेली का, मोटर जळली का, की पत्रा सुटला.

"मोटर चालू हाये," धुरपता म्हणाली. "रीता हाये वावरात."

ती आत गेली. चटई ओढायचंही तिच्यानं झालं नाही. शेणानं सारवलेल्या गार जमिनीवर ती कुशीवर आडवी झाली आणि हात डोक्याखाली घेतला. धनीराम दारात आला, आणखी काहीतरी विचारायला. तिच्या तळपायांना वाळलेला चिखल होता, आणि तोंड थोडं उघडं पडलं होतं. ती झोपली होती. त्यानं सुतळी आणि सुया उचलून बाहेर नेल्या आणि कट्टा अंगणात बसून शिवायला घेतला.